‘सर्व पंथांसाठी योग्य’ कम्युनियनचं सामान: डब्यावरच्या ओळीवर किती विसंबावं?

चर्चचं सामान विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये एक ओळ हमखास सापडते: ‘सर्व पंथांसाठी योग्य’. होस्टच्या, म्हणजे कम्युनियनच्या विधीत खायच्या भाकरीच्या पातळ चकतीच्या, डब्यावर असते, द्राक्षरसाच्या बाटलीवर असते, भाकर आणि रस एकत्र सीलबंद केलेल्या इवल्याशा प्लास्टिक कपांवर तर ठसठशीत अक्षरांत असते. मेणबत्तीवर ती छापली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण असलेल्या ज्या एका जेवणावरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पाचशे वर्षं भांडत आले, त्याच जेवणाच्या सामानावर ती छापायची म्हणजे धाडसच म्हणायचं.

इथे कुठल्या कंपनीचा माल चांगला आणि कुठल्या कंपनीचा वाईट, हे सांगायचं नाही. सामानाचे जे ठरलेले प्रकार आहेत (होस्ट, कमी ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन कमी केलेले, होस्ट, वाइन आणि रस, चषक, छोट्या कपांचे ट्रे, सीलबंद कप) ते कुणाला चालतात, कुठे दगा देतात आणि का, एवढंच पाहू. सगळ्यांना कसोटी एकच लावली आहे: विधी आटोपल्यावर जे उरतं, सांडतं, चिकटून राहतं, त्याचं काय करायचं? कुठल्याही चर्चची ख्रिस्तप्रसादाबद्दलची (हे कम्युनियनचंच दुसरं नाव) खरी शिकवण तिच्या उपदेशापेक्षा भांडी विसळण्याच्या पद्धतीत लवकर दिसते.

आधी उरलेल्याचा हिशेब

ताटलीत चार तुकडे आणि प्याल्यात घोटभर वाइन उरली आहे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे त्यांचं रूप, चव, वास तोच राहिला तरी मूळ द्रव्य पालटलेलं आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने या पालटाचा शब्द आपल्या मतपत्रात घातला. ट्रेंटच्या परिषदेने ११ ऑक्टोबर १५५१ रोजी तो पक्का केला. त्याच दिवशीच्या चौथ्या नियमाचा रोख थेट उरलेल्या तुकड्यांवर आहे. ‘ख्रिस्ताचं शरीर फक्त स्वीकारताना असतं, आधी नाही आणि नंतर नाही, उरलेल्या होस्टमध्ये नाही’, असं म्हणणारा शापित. म्हणून कॅथलिक वेदीवर उरलेली वाइन तिथल्या तिथे प्यायची, उरलेले होस्ट टॅबरनॅकल नावाच्या कुलपाच्या पेटीत ठेवायचे, चषक पाण्याने खंगाळून तेही पाणी प्यायचं.

हा नियम मुख्यतः ल्युथेरनांना, म्हणजे जर्मन सुधारक मार्टिन लूथरच्या अनुयायांना, उद्देशून होता. लूथर द्रव्यपालट मानत नसे, पण ‘हे माझे शरीर आहे’ यातल्या ‘आहे’वर अडून बसलेला. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात झ्युरिकचा सुधारक झ्विंग्ली याच्याशी वाद घालताना त्याने ते लॅटिन वाक्य खडूने टेबलावर लिहून ठेवलं होतं. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं, पंधराव्यातही बहुतेक मुद्दे जुळले, फक्त शरीर खरोखर तिथे असतं का यावर गाडी अडली ती अडलीच. पुढे १५७७ च्या ल्युथेरन मतपत्राने तत्त्व मांडलं की ख्रिस्ताने सांगितलेल्या वापराबाहेर कशालाच संस्काराचं स्वरूप नाही. एवढ्यावरून ल्युथेरनांना उरलेलं टाकून द्यायला मोकळीक आहे असं कुणी समजू नये. आइस्लेबेनच्या सायमन वोल्फेरिनुस नावाच्या पाळकाने उरलेली पवित्र वाइन साध्या वाइनमध्ये मिसळायला सुरुवात केली, तेव्हा १५४३ मध्ये लूथरने त्याला पत्रं लिहून खडसावलं: जे उरेल ते भोजनाला आलेल्यांनीच खाऊन-पिऊन संपवावं, म्हणजे संस्कार नेमका कुठे संपला हा वादच उरत नाही.

झ्विंग्लीच्या वळणाच्या मंडळ्यांत भाकर ही खूण, भोजन हे स्मरण. उरलेली भाकर ही भाकरच. जिनिव्हाचा सुधारक कॅल्व्हिन मध्ये कुठेतरी उभा: विश्वास ठेवणाऱ्याला पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्त खरोखर मिळतो, पण ताटलीत बांधलेला नसतो. भाकर खमिराची की बिनखमिराची, वाइन लाल की पांढरी, याने काही फरक पडत नाही असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. खरेदी करणाऱ्याला इतका सोयीचा धर्मशास्त्री दुसरा नाही.

आणि अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चवाले? त्यांच्या प्रार्थनापुस्तकाच्या तीन आवृत्त्या शेजारी ठेवून फक्त भाकरीबद्दलच्या सूचना वाचाव्यात. १५४९ ची आवृत्ती म्हणते: भाकर बिनखमिराची, गोल, पण वर कसलाही छाप नको, आणि आधीपेक्षा जरा मोठी व जाड हवी, म्हणजे मोडता येईल. १५५२ ची म्हणते: अंधश्रद्धा जावी म्हणून जेवणात खातात तीच गव्हाची चांगली भाकर पुरे, आणि उरेल ते पाळकाने आपल्या वापरासाठी घरी न्यावं. १६६२ ची दोन रेघा ओढते: पवित्र न केलेलं उरलं तर पाळकाचं, पवित्र केलेलं उरलं तर चर्चबाहेर न्यायचं नाही, तिथेच आदराने खाऊन-पिऊन संपवायचं. एकशे तेरा वर्षांचा वाद, आणि सगळा भाकरीच्या तुकड्यावर.

आता सामानाकडे.

साधा होस्ट

सगळ्यात खात्रीचा माल हाच. साहित्य दोनच: गव्हाचं पीठ आणि पाणी. पातळ घोळ दोन तापलेल्या, नक्षी कोरलेल्या पत्र्यांमध्ये भाजतात, निघालेला पापुद्रा दमट हवेत थोडा मऊ करतात आणि मग गोल पात्याने चकत्या पाडतात. मधली मऊ करण्याची पायरी घाईत उरकली की चकती कापतानाच कडेला भुगा होतो आणि तो डब्याच्या तळाशी साठतो. डबा उघडताच तळाशी पांढरी पूड दिसली तर ती खेप परत करावी.

नेहमीची मापं अशी: लोकांसाठी २८ किंवा ३५ मिलिमीटर व्यासाचा, धर्मगुरूसाठी साधारण ७० मिलिमीटरचा, आणि अनेकांसाठी मोडायचा मोठा होस्ट १५ सेंटिमीटरच्या पुढे. कॅथलिक नियमावली म्हणते की भाकर खरोखर अन्नासारखी दिसावी आणि धर्मगुरूला ती मोडून निदान काही जणांना तरी वाटता यावी. कागदासारखे पातळ होस्ट इथे कमी पडतात.

पारखायचा साधा उपाय: काळा कागद पसरावा, त्यावर मोठा होस्ट आधी दोन आणि मग चार तुकड्यांत मोडावा, आणि किती कण पडले ते पाहावं. कडा दाबून बंद केलेल्या होस्टचे कण कमी पडतात. चकती म्हणून नुसत्या कापलेल्यांचे जास्त. कोंड्यासकट पिठाचे तपकिरी होस्ट दिसायला भाकरीच्या जवळ जातात, चवही बरी, पण कोंडा ग्लुटेनचा बंध तोडतो, त्यामुळे मोडताना ते जास्त भुरभुरतात. स्मरणभोजन करणाऱ्या मंडळीला याचं सुखदुःख नाही. ज्याला प्रत्येक कण टिपून घ्यायचा आहे, त्याने पांढरा, बंद कडांचा घ्यावा.

कॅथलिकांसाठी डब्यावरची साहित्याची यादी वाचणं हा चोखंदळपणा नाही, ती अट आहे. धर्मसंहितेचा ९२४ वा नियम: भाकर फक्त गव्हाची आणि नुकती केलेली, म्हणजे नासण्याची भीती नसलेली. २००४ च्या रोमच्या सूचनापत्राने फळं, साखर, मध असलं काही मिसळणं हा गंभीर गैरप्रकार ठरवला आहे. चवीसाठी मध घातलेल्या ‘घरगुती’ भाकऱ्या कॅटलॉगमध्ये फार देखण्या दिसतात. त्या प्रोटेस्टंट मंडळीने खुशाल मागवाव्यात.

खमिराबद्दल मात्र एक गैरसमज जाता जाता काढून टाकायला हवा. बिनखमिराची म्हणजे कॅथलिक आणि खमिराची म्हणजे प्रोटेस्टंट, अशी वाटणी नाही. बिनखमिराची अट लॅटिन विधीची आहे. रोमशी एक असलेल्या पौर्वात्य चर्चपैकी कित्येक फुगलेली भाकरच वापरतात आणि त्या पूर्ण कॅथलिक आहेत. उलट झ्विंग्लीच्या झ्युरिकमध्ये १५२५ साली नव्या पद्धतीचं भोजन झालं तेव्हा भाकर बिनखमिराचीच होती. बदलली होती ती भांडी. चांदीच्या जागी लाकडी ताटल्या आणि लाकडी प्याले आले.

साठवण: हवाबंद डबा, थंड, कोरडी जागा. दमट हवेत होस्ट वाकतात, एकमेकांना चिकटतात आणि दोन एकदम हातात येतात; फार कोरड्या हवेत तडकतात. टॅबरनॅकलमध्ये ठेवलेले होस्ट वेळेवर संपवून नवे ठेवावे लागतात, म्हणून ‘स्वस्त पडतो’ या मोहात वर्षभराचा साठा करू नये. साध्या होस्टला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या ओळीपायी कापला, कारण सेलिअॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्या माणसासाठी तो कुठल्याच पंथात योग्य नाही.

कमी ग्लुटेनचा आणि बिनग्लुटेनचा: दोन वेगळ्या वस्तू

डबा हातात घेतल्यावर सर्वात जास्त चुका इथे होतात, कारण दोन्ही डबे दिसायला सारखे असतात आणि विकणारा दोन्ही एकाच रांगेत ठेवतो.

बिनग्लुटेनचा होस्ट म्हणजे बहुधा तांदूळ, बटाटा किंवा टॅपिओकाचं पीठ. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांना चालतो. कॅथलिक मिस्सेत (कम्युनियनच्या उपासनेत) मात्र हा ‘अवैध’ आहे, म्हणजे त्यावर पवित्र करण्याचे शब्द उच्चारले तरी संस्कार घडत नाही. १५ जून २०१७ च्या रोमच्या परिपत्रकात हे पुन्हा बजावलं आहे: ग्लुटेन पूर्ण काढलेला होस्ट अवैध, पण बाहेरचं काही न मिसळता भाकर होण्याइतकं ग्लुटेन राखलेला कमी ग्लुटेनचा होस्ट वैध.

कमी ग्लुटेनचा होस्ट गव्हाच्या स्टार्चचा असतो. बाजारातला चांगला माल ०.०१ टक्क्याच्या आसपास, म्हणजे दशलक्षात १०० भाग. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकायची आंतरराष्ट्रीय मर्यादा २० भागांची, म्हणून या डब्यावर ते शब्द छापता येत नाहीत, आणि ते नाहीत हीच कॅथलिक ग्राहकासाठी चांगली खूण. आकडेमोड करून पाहा: पाव ग्रॅमचा होस्ट धरला तर त्यात ग्लुटेन सुमारे ०.०२५ मिलिग्रॅम. सेलिअॅकच्या बहुतेक रुग्णांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आतलं प्रमाण सुरक्षित धरतात. तरी निर्णय ज्याच्या पोटात तो जाणार त्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा.

माल म्हणून हा होस्ट कटकटीचा आहे. स्टार्चला बांधून ठेवणारं ग्लुटेन नसल्यासारखंच, त्यामुळे तो ठिसूळ, आणि ओल लागली की गोंदासारखा चिकट. एकावर एक रचून ठेवू नये.

खरी चूक वाटपात होते. चांगला होस्ट आणायचा आणि मग तो साध्या होस्टच्या ढिगाशेजारी, त्याच ताटलीत ठेवायचा. बाकीचे होस्ट हाताळलेल्या बोटांनी उचलायचा. मग विकत घेतलेलं सगळं वाया. त्याला वेगळा पिक्स, म्हणजे झाकणाची छोटी डबी, हवा, तो ज्याचा त्याने उघडावा किंवा धर्मगुरूने आधी हात स्वच्छ करून द्यावा. आणखी एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: मिस्सेत धर्मगुरू मोठ्या होस्टचा एक कण मुख्य चषकात टाकतो. म्हणजे ‘होस्ट नको, वाइन तरी घेतो’ म्हणणाऱ्या सेलिअॅक रुग्णासाठी तो चषकही उपयोगाचा नाही. त्याच्यासाठी वेदीवर दुसरा छोटा चषक आधीपासूनच ठेवावा लागतो, ज्यात कण पडलेला नाही आणि ज्याला दुसऱ्या कुणाचं तोंड लागलेलं नाही.

नुसती वाइन घेतली तर अर्धं कम्युनियन झालं का? कॅथलिक उत्तर नाही असं आहे: कुठल्याही एका रूपात संपूर्ण ख्रिस्त असतो. गंमत म्हणजे आज सेलिअॅक रुग्णाला आधार देणारं हेच तत्त्व एकेकाळी लोकांकडून चषक काढून घेताना पुढे केलं गेलं. १५ जून १४१५ रोजी कॉन्स्टन्सच्या परिषदेने लोकांना फक्त भाकर द्यायची असं ठरवलं. तीनच आठवड्यांनी, ६ जुलैला, त्याच परिषदेने बोहेमियाचा (आजच्या चेकियातला) सुधारक यान हुस याला पाखंडी ठरवलं आणि त्याच दिवशी त्याला जाळण्यात आलं. त्याच्यामागे बोहेमियात चषक हीच बंडाची खूण झाली. प्रोटेस्टंटांनी पुढे दोन्ही रूपांचा आग्रह कायम धरला, म्हणून त्यांची सामानाची यादी नेहमी दोन रकान्यांची असते.

वाइन की रस

कॅथलिकांना द्राक्षाची, नैसर्गिक, भेसळ नसलेली, न नासलेली वाइन लागते. दुसऱ्या फळाची चालत नाही. बाटलीवर ‘वेदीसाठी’ लिहिलेलं असणं सोयीचं, पण अट साहित्याची आहे. लाल की पांढरी हा प्रश्न धर्मशास्त्राचा नसून धुलाईचा: चषक पुसायचा पांढरा रुमाल लाल वाइनने कायमचा डागाळतो, म्हणून पांढरी जास्त खपते. उघडलेली बाटली रेंगाळत ठेवली की व्हिनेगर होते, आणि व्हिनेगरने मिस्सा होत नाही. मिस्सेआधी बाटलीला नुसतं नाक लावलं तरी पुढची पंचाईत टळते. चुकून वाइनऐवजी पाणीच ओतलं गेलं आणि ते नंतर कळलं, तर त्यासाठीही नियम आहे: पाणी बाजूच्या भांड्यात काढायचं, चषकात वाइन आणि थेंबभर पाणी घ्यायचं आणि चषकावरचे शब्द पुन्हा म्हणायचे, भाकरीवरचे पुन्हा म्हणायची गरज नाही. पांढरी वाइन घेणाऱ्यांनी म्हणूनच दोन झाऱ्या शेजारी ठेवताना एकीला खूण करावी.

टिकाऊ द्राक्षरस ही वस्तूच मुळात या जेवणासाठी जन्मली. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइनलँड गावी थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरची रीत वापरून द्राक्षरस आंबू न देता टिकवला, तो प्रभुभोजनात दारू नको म्हणूनच. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि अशा कैक मंडळ्यांत आज तोच चालतो. ल्युथेरनांत मात्र ‘ख्रिस्ताने वाइन दिली तर आपणही वाइनच द्यावी’ म्हणणारे बरेच आहेत. तिथे विचारल्याशिवाय रस मागवू नये.

कॅथलिक धर्मगुरूला मद्यपानाचा आजार असेल तर? त्यासाठी ‘मुस्तुम’ आहे: ताजा किंवा गोठवून, मूळ गुण न बदलता आंबणं थोपवलेला द्राक्षरस. वैध आहे, पण बिशपांची परवानगी लागते. दुकानातला उष्णता देऊन अल्कोहोलचा अंशही उडवलेला रस म्हणजे मुस्तुम नव्हे. या दोन बाटल्यांचा रंग एकच आणि चवही जवळजवळ एकच, म्हणून विकणारा एकीच्या जागी दुसरी बिनदिक्कत पाठवतो. मुस्तुम मागवताना बनवण्याची पद्धत लेखी मागून घ्यावी आणि पोचल्याबरोबर गोठवावी. बाहेर राहिला की तो आपल्या वाटेने वाइन व्हायला लागतो.

चषक आणि छोटे कप

चषक विकत घेताना बाहेरची नक्षी पाहू नये, आत बोट फिरवून पाहावं. वाइन आम्ल असते. पितळ किंवा तांबं उघडं पडलं तर ती त्यात उतरते, चव बिघडते आणि हिरवा थर धरतो. म्हणून कॅथलिक नियम गंजणाऱ्या किंवा सोन्याहून कमी मोलाच्या धातूला आतून सोन्याचा मुलामा मागतो. मुलामा घासणीने आणि पॉलिशने जातो. आतली बाजू कोमट पाणी आणि मऊ कापड यांपलीकडे कशाने घासू नये. जुना चषक स्वस्तात मिळाला तर पुन्हा मुलामा चढवण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी.

काच, माती, चिनीमाती ही सहज फुटणारी भांडी २००४ च्या सूचनापत्राने कॅथलिकांसाठी बाद केली. लाकडी प्याल्याचीही अडचण उघड आहे: लाकूड पितं. जे शोषलं गेलं ते खंगाळून कसं काढणार? झ्युरिकच्या मंडळीला ही अडचण नव्हतीच, म्हणूनच लाकडाकडे वळणं तिला सोपं गेलं. साध्या प्याल्याच्या मातीत-लाकडात इतकं धर्मशास्त्र असतं.

एकच चषक फिरवणाऱ्यांनी प्रत्येकानंतर कड आतून-बाहेरून पुसावी, प्याला थोडा फिरवावा आणि रुमालाची कोरडी बाजू वापरत जावी. वाइनमधला अल्कोहोल तेवढ्या वेळात जंतू मारतो, या भरवशावर राहू नये.

जंतूंच्या याच भीतीतून १८९० च्या दशकात अमेरिकेत वेगवेगळ्या छोट्या कपांचा ट्रे आला. नेहमीचा ट्रे ४० भोकांचा. एका कपात ७ मिलिलिटर धरले तर एका ट्रेला २८० मिलिलिटर लागतात, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत अडीच ट्रे आणि वर थोडंसं. भरताना रबरी फुग्याची बाटली किंवा एकदम अनेक कप भरणारं यंत्र वापरावं. जगने ओतलं की थेंब भोकांत पडतात, वाळतात आणि कप ट्रेला चिकटून बसतो. दोन तृतीयांशच्या वर भरू नये. ट्रे एकमेकांवर रचताना वरच्याचा तळ खालच्या कपांना टेकत नाही ना, हे रिकामे कप ठेवून आधी पाहावं. प्लास्टिकचे कप इतके हलके असतात की एक उचलताना शेजारचा कलंडतो. काचेचे स्थिर राहतात, पण धुवायला माणसं लागतात.

स्मरणभोजन करणाऱ्यांना हा ट्रे पाचपैकी पाच. ल्युथेरनांना तीन: चाळीस कपांत चाळीस थेंब उरतात, म्हणून ते आधी पाण्याने विसळून ते पाणी मातीत ओतावं लागतं आणि मगच कप टाकता किंवा धुता येतात. कॅथलिकांना शून्य. पवित्र झालेली वाइन एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं टाळायचं आहे, आणि चाळीस इवले कप ओळीने शुद्ध करत बसणं कुणाला जमणार?

होस्ट वाइनमध्ये बुडवून द्यायचे दुमजली संच (मध्ये छोटा प्याला, भोवती ताटली) ठीक आहेत, पण त्यांना जाड होस्ट लागतो. पातळ होस्ट बुडवताच लोंबतो आणि थेंब खाली पडतो. कॅथलिक पद्धतीत बुडवायचं धर्मगुरूने आणि द्यायचं थेट जिभेवर. घेणाऱ्याने स्वतः बुडवायचं नाही, बुडवलेला होस्ट हातात घ्यायचाही नाही.

सीलबंद जोडकप

वरच्या पारदर्शक पापुद्र्याखाली वेफर, त्याखाली फॉइल, फॉइलखाली घोटभर रस. २०२० च्या साथीत याचा खप एकदम वाढला. त्या ओळीची सर्वात ठळक छपाई यावर आहे, आणि ती सर्वात कमी खरी इथेच.

यांत्रिक दोष आधी. दोन्ही झाकणांची टोकं एकमेकांवर असतात. घाईत ओढलं की दोन्ही एकदम निघतात आणि रस अंगावर येतो. थरथरत्या बोटांना वरचा पापुद्रा सापडतच नाही. उघडायची रीत अशी: कपाचा मधला भाग न दाबता तो कडेने धरायचा, वरचं टोक नखाने वेगळं करून सावकाश मागे ओढायचं, वेफर काढायची, मग फॉइल आपल्यापासून दूर, तिरकं उचलायचं. शांत क्षणी दोनशे जणांनी एकदम हे केलं की जो चुरचुराट होतो तो कुठल्याही भक्तिगीताने झाकला जात नाही. फॉइल फुगलेलं दिसलं तर तो कप फेकावा; आतला रस आंबला आहे. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतून आलेली खेप फोडून दहा-पंधरा कप तपासल्याशिवाय ताब्यात घेऊ नये. वेफर बहुधा कागदासारखी लागते, कारण ती महिनोन्‌महिने रसाच्या डोक्यावर बसून असते.

कॅथलिकांसाठी हा कप तीन ठिकाणी अडतो: रस वाइन नाही, वेफरमध्ये तेल किंवा वेगळं पीठ असू शकतं, आणि तळाशी राहिलेला थेंब थेट कचऱ्याच्या पिशवीत जातो. हे तिसरं कारण एकटंच पुरेसं आहे. पवित्र ख्रिस्तप्रसाद फेकून देणं हा कॅथलिक धर्मसंहितेत आपोआप बहिष्कार ओढवणारा गुन्हा आहे. ल्युथेरन आणि अँग्लिकन वेदीवरही तो थेंब टोचतो. घरबसल्या किंवा इस्पितळात स्मरणभोजन घेणाऱ्यांना मात्र हा कप खरोखर सोयीचा. पाचपैकी तीन, तेही त्यांच्यापुरतेच.

मग चुकीचा डबा मागवणं हे पाखंड का?

अशा मालाखाली ‘पाखंडी वस्तू’ असे शेरे लिहिणारे असतातच, म्हणून सांगायला हवं. तांदळाचा होस्ट अवैध असू शकतो, सीलबंद कप अनादराचा असू शकतो. पाखंड ही माणसाने करायची गोष्ट आहे. कॅथलिक धर्मसंहितेचा ७५१ वा नियम त्यासाठी तीन अटी घालतो: बाप्तिस्मा झालेला असावा, मानायलाच हवं असं सत्य नाकारावं किंवा त्यावर संशय घ्यावा, आणि तेही हटून. दुकानदाराने चुकीची खेप पाठवली तर तो निव्वळ निष्काळजीपणा. ज्यांचा जन्मच प्रोटेस्टंट घरात झाला, त्यांच्यावरही फुटीचं पाप लादता येत नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं. तिच्या भाषेत ते ‘विभक्त बंधू’ आहेत. शब्दांचाही प्रवास पाहण्यासारखा आहे: ग्रीकमधला मूळ शब्द म्हणजे नुसती ‘निवड’ किंवा ‘पक्ष’, आणि आपला ‘पाखंड’ अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणून येतो, अर्थ साधा ‘पंथ’. म्हणजे त्या जुन्या अर्थाने डब्यावरची ओळ ‘सर्व पाखंडांसाठी योग्य’ अशीही वाचता आली असती.

पण बंधू म्हटलं म्हणून ताट एक झालं नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे प्रोटेस्टंटाला कम्युनियन फक्त मरणाच्या धोक्यात किंवा तशाच गंभीर गरजेत, आणि तेही त्याने या संस्काराबद्दल कॅथलिक श्रद्धा दाखवली तर. प्रोटेस्टंटांत आपसात मात्र मोठी गाठ सुटली: मारबुर्गला जे जमलं नव्हतं ते १९७३ च्या लॉयनबर्ग करारात जमलं, आणि युरोपातल्या ल्युथेरन व रिफॉर्म्ड (झ्विंग्ली-कॅल्व्हिनच्या वळणाच्या) चर्चनी एकमेकांच्या भोजनाला बसायचं मान्य केलं.

ज्या जागा अनेक पंथ आळीपाळीने वापरतात (इस्पितळातलं चॅपल, वसतिगृह, विमानतळ) तिथे खरेदी करणाऱ्याने एका डब्यात सगळ्यांना बसवायचा प्रयत्न सोडावा. दोन कप्पे करावेत. एकात बंद कडांचे गव्हाचे होस्ट, कमी ग्लुटेनचा छोटा डबा, वाइनची लहान बाटली, मुलामा दिलेला चषक, दोन पिक्स, रुमाल. दुसऱ्यात बिनग्लुटेनचे वेफर, टिकाऊ रस, ट्रे आणि कप. प्रत्येक डब्यावर साहित्य आणि उघडल्याची तारीख ठळक लिहावी. नुसत्या रंगीत चिकट्या लावू नयेत, त्या निघतात. उघडलेले आणि न उघडलेले डबे एकत्र ओतू नयेत. पवित्र केलेला एकही होस्ट या कपाटात परत येता कामा नये, कारण एकदा साध्यात मिसळला की डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. वोल्फेरिनुसला आलेली पत्रं नेमकी याच कारणाची होती.

आणि कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर, प्लंबिंगच्या रकान्यात, सहसा कुणी न पाहिलेली एक वस्तू असते: सॅक्रेरियम, म्हणजे ज्याची नळी गटाराला न जाता थेट जमिनीत उतरते असं झाकणाचं छोटं सिंक. वाइन सांडली की ती जागा पाण्याने धुऊन ते पाणी यात ओतायचं. बसवताना नळी मुख्य सांडपाण्याला जोडलेली नाही ना, हे समोर उभं राहून पाहावं. प्लंबर सवयीने तिथेच जोडतात. आणि झाकणाला कुलूप हवं, नाहीतर फुलदाण्यांचं पाणी त्यातच ओतलं जातं.